तोडलेल्या रानासाठी रोपं तयार करताना: कोकणातल्या नवख्यांसाठी पायरी-पायरीने

कोकणात रान म्हणजे बहुतेक वेळा कुणाच्या तरी मालकीचं रान. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जंगलाचा मोठा भाग सरकारी नाही तर लोकांच्या सातबाऱ्यावर आहे, आणि मग घरात लग्न निघालं, आजारपण आलं, वाटण्या झाल्या की ठेकेदाराला बोलावून डोंगर एकरकमी देऊन टाकायचा हे कित्येक वर्षं चालत आलंय. चार-सहा आठवड्यात ऐन, किंजळ, जांभूळ, नाणा सगळं ट्रकात भरून घाटावर जातं आणि मागे खुंट आणि रानमोडीचं तण उरते. आता बऱ्याच जणांना, खासकरून मुंबई-पुण्याला असलेल्या आणि गावी डोंगर असलेल्या मंडळींना, ते रान परत आणायचंय. उत्साह खूप असतो, पण सुरुवात चुकीच्या टोकाकडून होते, म्हणजे जूनमध्ये फोन येतो की "५०० रोपं कुठे मिळतील?" आणि मिळतात ती गुलमोहर, आकेशिया, नाहीतर सागाची. किंजळाची, नाण्याची, बिबळ्याची चांगली रोपं जूनमध्ये मागून मिळणं कठीण, कारण ती आदल्या वर्षीच कुणीतरी करायला घेतलेली असावी लागतात.

म्हणून एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा, रानाची नर्सरी पावसाळ्याच्या किंवा वृक्षारोपण सप्ताहाच्या वेळेने चालत नाही, झाड बी कधी देतं त्या वेळेने चालते. पुढच्या वर्षीच्या जुलैत रोप लावायचंय तर काम या वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होतं. बाकी सगळं मी खाली क्रमाने लिहिलंय.

१. रोपांच्या आधी डोंगर बघा

पिशव्या आणायच्या आधी तोडलेल्या जागेत एक पूर्ण चक्कर मारा, शक्यतो दिवाळीनंतर गवत वाळलं की. बघायचं काय तर खुंट. ऐन, किंजळ, जांभूळ, शिसव ही झाडं तोडली तरी मरत नाहीत, खुंटाला धुमारे फुटतात, आणि त्या धुमाऱ्याच्या खाली जुन्या झाडाचं आख्खं मूळ तयार असतं. तुम्ही नर्सरीत कितीही लाड करून वाढवलेलं रोप त्या धुमाऱ्याशी पहिली काही वर्षं बरोबरी करूच शकत नाही. त्यामुळे जिथे खुंट जिवंत आहे तिथे रोप लावू नका, तिथे एवढंच करा: एका खुंटावर आठ-दहा धुमारे आलेले असतात त्यातले सरळ, जाड, जमिनीलगत फुटलेले दोन-तीन ठेवा आणि बाकीचे धारदार कोयत्याने तिरके छाटा. हे थंडीच्या दिवसात करायचं, पावसात नाही, पावसात छाटलं की कापलेल्या जागी कुज धरते.

मग उरतात मोकळ्या जागा. आणि उरतात ती झाडं जी आता तुमच्या डोंगरात अजिबातच नाहीत. रोपं करायची ती या दोन गोष्टींसाठी. शेजारच्या न तोडलेल्या रानात किंवा गावच्या देवराईत जाऊन बघा की तिथे काय आहे जे तुमच्याकडे नाही, तीच तुमची यादी. नेटवरची "१०० देशी वृक्ष" वाली यादी बाजूला ठेवा, त्यात विदर्भातली, घाटमाथ्यावरची आणि कोकणातली झाडं सरसकट एकत्र केलेली असतात.

२. कागद

कंटाळवाणं आहे पण टाळू नका:

- सातबारा आणि आठ-अ (खातेउतारा), अलीकडचा काढलेला
- मोजणीचा नकाशा, निदान हद्दीच्या खुणा माहिती असलेला एखादा जुना माणूस सोबत
- जमीन सामाईक असेल तर सगळ्या हिस्सेदारांचं लेखी संमतीपत्र
- सातबाऱ्याच्या इतर हक्कात वनाबद्दलचा काही शेरा आहे का ते बघून ठेवा, असेल तर वनविभागाच्या परिक्षेत्र कार्यालयात विचारूनच पुढे जा

सामाईक जमिनीचा मुद्दा सगळ्यात जास्त त्रास देतो. पाच वर्षं वाढवलेलं रान एका चुलत्याने परस्पर विकलं असं कोकणात होतं, त्यामुळे संमतीपत्रात "या जागेत तोड करायची नाही" हे वाक्य स्पष्ट असू दे. अजून एक, महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा आहे आणि ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ, खैर, फणस, आंबा ही झाडं त्याच्या अनुसूचीत येतात, म्हणजे स्वतःच्या जमिनीतलं असलं तरी तोडायला परवानगी लागते. नव्या लागवडीत मधलं एखादं झाड काढावं लागलं तरी हे लक्षात ठेवा.

बी गोळा करण्याबद्दल: राखीव वनातून विचारल्याशिवाय काही उचलू नका, वनविभागाची परवानगी घ्या. देवराईत तर गावकऱ्यांना, मानकऱ्यांना विचारल्याशिवाय पाऊलच टाकू नका. काही राईंमध्ये पडलेलं पानसुद्धा बाहेर नेत नाहीत आणि तो नियम पाळला गेला म्हणूनच ती झाडं आज आपल्याला बघायला मिळतायत. विचारलंत तर बरेचदा गुरव किंवा एखादे आजोबा स्वतः सोबत येतात आणि कुठलं झाड कधी पिकतं ते तुम्हाला कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त नेमकं सांगतात.

३. बियांचं वेळापत्रक

हे कागदावर उतरवून भिंतीला लावा. गावागणिक, उंचीगणिक दोन-तीन आठवडे मागेपुढे होतं.

- नोव्हेंबर ते फेब्रुवारी: बेहडा, त्याच्या मागोमाग हिरडा
- डिसेंबर ते मार्च: शिसवाच्या शेंगा, बिबळ्याची गोल पंखवाली फळं
- जानेवारी ते मार्च: किंजळ, नाणा
- फेब्रुवारी ते एप्रिल: ऐन, आणि मार्चच्या सुमारास सातवीण
- एप्रिल-मे: काटेसावर, रातांबा (कोकम)
- मे-जून: जांभूळ, फणस, कुंभा

किंजळ ओळखायला सोपी, पावसाळा संपला की डोंगरावर तांबूस-तपकिरी झाक दिसते ती तिच्याच फळांची. पण ती लाली दिसली म्हणून लगेच तोडायला जाऊ नका, फळं झाडावरच वाळून गळायला लागेपर्यंत थांबा.

आता या यादीत दोन वेगवेगळ्या जातकुळी आहेत आणि हा फरक कळला नाही तर सगळी मेहनत वाया जाते. ऐन, किंजळ, शिसव, बिबळा, बेहडा, हिरडा यांचं बी वाळवून काही महिने ठेवता येतं. जांभूळ, फणस, रातांबा, कुंभा यांचं बी वाळवलं की मेलं. जांभळाची बी उन्हात वाळवून डब्यात भरून पुढच्या वर्षी पेरणारे लोक मी दरवर्षी बघतो, एकही उगवत नाही आणि मग म्हणतात बीच खराब होतं. ही ओली बियाणं फळ खाल्ल्यापासून आठवड्याभरात मातीत गेलीच पाहिजेत. अगदीच नाही जमलं तर ओलसर काथ्याच्या भुश्यात, सावलीत, थोडे दिवस ठेवा, फ्रीजमध्ये नको आणि प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तर नकोच. मुंबईहून मे महिन्यात आठ दिवसांसाठी येणाऱ्यांना ही झाडं सगळ्यात सोयीची खरं तर, आलात, खाल्लंत, पेरलंत.

४. बी गोळा करणं

एकाच झाडाखाली बसून पोतं भरायचं नाही. मोह होतो, कारण एखादा बेहडा इतका टाकतो की दुसरीकडे जायची गरजच वाटत नाही. पण एका झाडाची सगळी पोरं म्हणजे पुढच्या रानात सगळी भावंडं, आणि रोग आला तर सगळ्यांना एकदमच. एका जातीची निदान दहा-बारा झाडं शोधा, एकमेकांपासून लांब असलेली, आणि प्रत्येकाखालून थोडं थोडं घ्या. झाड निरोगी, सरळ, भर वयातलं बघा. आणि सगळं उचलू नका, खाली साळिंदर, उंदीर, भेकर यांचाही वाटा आहे.

सातवीण, काटेसावर, नाणा यांचं बी वाऱ्यावर उडून जातं, त्यामुळे शेंगा-बोंडं उकलायच्या बेताला आली की झाडावरूनच काढावी लागतात. आंब्याचा झेला किंवा बांबूला बांधलेली आकडी पुरते. घरी आणून सुपात, कापडाखाली वाळत ठेवा म्हणजे उकलल्यावर घरभर उडणार नाही.

बिब्बा (बिबळा नव्हे, हे वेगळं झाड) करणार असाल तर हातमोजे घाला आणि हाताला खोबरेल लावून मगच फळाला हात लावा, बिब्बा उततो आणि ते फोड पंधरा दिवस बरे होत नाहीत. लहान मुलांना या कामात अजिबात घेऊ नका.

धनेशाच्या ढोलीखाली रानफळांच्या बिया पडलेल्या असतात आणि त्या फार मौल्यवान, कारण आपल्याला न सापडणाऱ्या झाडांच्या असतात. पण जानेवारी-फेब्रुवारीपासून पावसाच्या तोंडापर्यंत मादी आत बंद असते आणि नर खायला आणत असतो, त्या काळात झाडाखाली रेंगाळू नका. पिल्लं उडाल्यावर जा, तोवर पावसाने काही बिया रुजलेल्यासुद्धा मिळतात.

प्रत्येक पिशवीवर जागच्या जागी लिहा: झाड, जागा, तारीख. घरी गेल्यावर लिहू म्हटलं की सुकलेली पंखवाली फळं सगळी सारखीच दिसतात.

५. पेरायच्या आधी

पहिलं काम कापून बघणं. किंजळीची फळं दिसायला पोतंभर असतात पण त्यातली बहुतेक आतून पोकळ असतात, त्यात बीच भरलेलं नसतं. वीस-तीस फळं ब्लेडने उभी कापा आणि आत पांढरा गर किती जणांत आहे ते मोजा. वीसात एक भरलेलं निघालं तर शंभर रोपांसाठी दोन हजार फळं लागणार, आणि उगवल्यावर मरतात ती वेगळी. किंजळ म्हणूनच पिशवीत एक-एक पेरायची नाही, गादीवाफ्यावर (मातीच्या उंच वाफ्यावर) दाट फेकायची, वर बोटाच्या पेराएवढीसुद्धा माती नको, नुसती झाकेल एवढी, आणि जी उगवतील ती उचलून पिशवीत. उगवण कमी आली म्हणून निराश होऊ नका, या झाडाचं तसंच असतं.

ऐन: पंख छाटले तर पेरायला सोपं जातं. दोन दिवस पाण्यात भिजवा, पाणी रोज बदला. दोन ते चार आठवड्यात उगवायला लागतो.

बेहडा: गर लगेच काढा, नाहीतर अळी लागते. एक दिवस भिजवून पेरा. याची उगवण चांगली, पण उंदीर एका रात्रीत आख्खा वाफा उकरून खातात, वर तारेची जाळी टाकायचीच.

हिरडा: आतली आठळी फार कडक. गर कुजवून काढा, मग आठळीच्या रुंद टोकाकडची थोडी कड कातरा, आतल्या गाभ्याला धक्का न लावता, आणि दीड दिवस गार पाण्यात ठेवा. हे कातरायचं काम वेळखाऊ आहे, चार जण बसून गप्पा मारत केलं तर होतं.

शिसव: शेंगा तोडून एक दिवस भिजवणं, बस. आठवड्यापासून तीन-साडेतीन आठवड्यापर्यंत हळूहळू उगवत राहतो.

बिबळा: पंख कातरा, एक-दोन दिवस भिजवा. उगवण सगळीकडे कमीच येते, दुप्पट-तिप्पट पेरून ठेवा.

जांभूळ: धुवून गर काढला की थेट पिशवीत. एका बीतून दोन-तीन कोंब येतात, सगळ्यात जोरदार एक ठेवा.

रातांबा: बी धुवून सावलीत नुसतं पाणी निथळेपर्यंत ठेवा आणि पेरा. उगवायला महिना लागू शकतो, धीर धरा. नर-मादी झाडं वेगळी असतात आणि रोपात ओळखता येत नाही, त्यामुळे रानात लावताना तीन-चारच्या गटाने लावा म्हणजे पुढे फळ धरेल आणि त्यावर पाखरं-माकडं येतील.

ज्यांचं बी सापडतच नाही त्यांची रानरोपं घ्या. जुलैमध्ये मोठ्या झाडाखाली दोन-चार पानांची रोपं शेकड्याने उगवलेली असतात, त्यातली बहुतेक सावलीत मरणारच असतात. भरपूर पाऊस झालेल्या दिवशी, संध्याकाळी, मातीसकट उचलायची आणि तासाभरात पिशवीत. अर्थात हेही परवानगीनेच.

६. माती, पिशव्या आणि सामान

लागणारं सामान फार नाही: काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या (सहा बाय आठ इंची, दोन वर्षं ठेवायच्या रोपांना आठ बाय बारा), ५० टक्क्यांची शेडनेट (निम्मं ऊन अडवणारी जाळी), बारीक भोकांची झारी, चाळण, घमेली, फावडं, पहार, कोयता, कात्री, गोणपाट, उंदरांसाठी जाळी, पक्क्या शाईचा मार्कर आणि एक वही.

मिश्रण दोन भाग तांबडी माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग वाळू. नदीची वाळू आता मिळत नाही आणि खाडीची खारी वाळू चुकूनसुद्धा नको, त्याऐवजी भाताचं तूस किंवा काथ्याचा भुसा घ्या, काम तेच होतं: कोकणच्या पावसात पिशवीत पाणी साचायला नको. शेणखत अर्धकच्चं असेल तर हुमणी (जाड पांढरी अळी) येते आणि ती मुळं खाते, रोप वरून ठीक दिसतं आणि एक दिवस हातात उपटून येतं. खत पिशवीत भरण्याआधी पसरून कोंबड्यांना उकरायला द्या, अळ्या त्या वेचून खातात.

अजून एक गोष्ट जी विकत मिळत नाही. ज्या झाडाचं बी आहे त्याच जातीच्या मोठ्या झाडाखालची पाचोळ्याखालची मूठ-दोन मूठ माती प्रत्येक घमेल्यात मिसळा. रानातल्या झाडांच्या मुळांना मदत करणारी बुरशी त्या मातीत असते.

७. पाणी, सावली आणि पावसाळा

एप्रिल-मेत दोन वेळा झारीने, सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर. विहीर कधी आटते ते आधी बघा आणि त्या हिशोबानेच पिशव्यांची संख्या ठरवा. पहिल्या वर्षी ३०० रोपं पुष्कळ झाली, हजाराच्या वर जाऊ नका.

खरा धोका मात्र जून-जुलैत. कोकणात एका दिवसात शंभर-दोनशे मिलिमीटर पडतो, लहान रोपं पाण्याच्या माऱ्याने आडवी होतात, माती उडते, आणि सतत ओल राहून देठ जमिनीलगत कुजतो, म्हणजे मर रोग. उपाय: पिशव्या उंचवट्यावर, खाली जांभ्याची खडी, वरून नेट तिरपी ताणलेली, पिशव्यांना खाली पुरेशी भोकं, आणि मातीत आधीच ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळलेली. मेलेलं रोप पिशवीसकट लगेच बाहेर.

८. मुळांकडे लक्ष

वरून रोप कितीही हिरवंगार असू दे, खाली मूळ काय करतंय ते महत्त्वाचं. दोन महिन्यांनी पिशव्या जागच्या उचलून सरकवा, नाहीतर मूळ भोकातून जमिनीत जातं आणि लावायच्या दिवशी तेच मुख्य मूळ तुटतं. सरकवताना उंच रोपं एका बाजूला, बुटकी दुसऱ्या बाजूला करा, नाहीतर बुटकी सावलीत मरतात.

ऐन, किंजळ, बिबळा पहिल्या पावसाळ्यात लावण्याएवढे होत नाहीत. त्यांना दुसऱ्या वर्षीच्या पावसापर्यंत नर्सरीतच ठेवा, दोन-अडीच फूट उंची आणि अंगठ्याच्या निम्म्याएवढं तरी खोड होऊ द्या. लावायच्या दीड-दोन महिने आधी नेट काढायला सुरुवात करा आणि पाणी कमी करत न्या. शेडनेटखालून थेट कातळावर गेलेलं रोप आठवड्यात माना टाकतं.

९. लावणी

खड्डे एप्रिल-मेत, दीड फूट लांब-रुंद-खोल, वरची माती एका बाजूला आणि खालची दुसऱ्या बाजूला. कातळ लागला तर तिथे हट्ट करू नका, दोन हात सरकून घ्या, सरळ रेषेत लावायची गरज नाही. जिथे खुंट, धुमारे, झुडपं आहेत तिथे एकरी दीडशे-दोनशे रोपं भरपूर होतात.

जून संपताना जमीन खोलवर भिजली की लावा, पहिल्या वळवाला फसू नका, मध्ये दहा-पंधरा दिवस पाऊस गायब होतो. पिशवी फाडून पूर्ण काढा. उघड्या उन्हाच्या जागी काटेसावर, पांगारा, चांदाडा, ऐन, शिसव लावा, आणि जांभूळ, रातांबा, सुरंगी, रानजायफळ ही मंडळी सावलीच्या आडोशाला, ओढ्याच्या अंगाला. सावली मागणारी झाडं पहिल्याच वर्षी भर माळावर लावायची घाई करू नका, आधी सावली करणारी वाढू देत, त्यांना दोन-तीन वर्षांनी मध्ये घालता येतं.

१०. लावल्यानंतर

रानमोडी आणि घाणेरी रोपाभोवती हातभर अंतरात वर्षातून दोनदा, ऑगस्टमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, मुळासकट काढा. सगळा डोंगर साफ करू नका, जमीन उघडी पडली की पुढच्या पावसात माती जाते. काढलेलं गवत तिथेच रोपाच्या बुडाशी पसरा, पण खोडाला टेकवू नका, वाळवी येते.

गुरांसाठी गावात बसून बोला. कुंपणाचा खर्च रोपांच्या खर्चापेक्षा जास्त असतो आणि तार चोरीला जाते. ज्यांची गुरं त्या डोंगरावर जातात त्यांनाच पहिल्या तीन वर्षांची राखण द्या, मजुरी देऊन, ते सगळ्यात टिकतं.

आणि वणवा. डिसेंबर संपायच्या आत हद्दीने दहा-बारा फुटांचा पट्टा गवत कापून स्वच्छ करा. पट्टा जाळून करायचा असेल तर पाच-सहा माणसं, हिरव्या डहाळ्या आणि पाण्याचे कॅन सोबत, वारा पडलेला असताना संध्याकाळी, आणि शेवटचा धूर विझेपर्यंत कुणी घरी जायचं नाही. भाजावळ (पेरणीआधी शेत भाजणं) करणाऱ्या शेजाऱ्यांना तारीख विचारून ठेवा आणि त्या दिवशी स्वतः हजर राहा. वणव्यात रोप जळालंच तर उपटून टाकू नका, ऐन, शिसव, बिबळा यांचं मूळ जिवंत असेल तर पुढच्या पावसाळ्यात बुडातून परत फुटतं. ऑगस्टपर्यंत वाट बघा आणि मगच त्या खड्ड्यात दुसरं रोप लावा.